ही कविता कुणाची, ताई?

मी कासारवाडीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक असल्यामुळे माझं रोजचं काम वह्यांचं. कुणी किती भरले, कुणी कर्ज उचललं, कुणाचा हप्ता राहिला, हेच बघायचं. आज मात्र मी कवितेविषयी बोलणार आहे. कविता कुणाची आहे हे कसं शोधायचं, फोनवर कुठे बघायचं आणि वाचनालयात जाऊन काय विचारायचं, ते सांगते. हे शिकायची वेळ माझ्यावर का आली, ते आधी ऐका.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते. आमच्या वस्तीतल्या गटांनी मिळून कार्यक्रम ठरवला. वर्गणी काढली, फ्लेक्स करायला दिला. त्यावर घालायला एक कविता व्हॉट्सॲपवर आली होती. बाईनं उठावं, शिकावं, आपल्या पायावर उभं राहावं, असा तिचा भाव होता. खाली नाव होतं सावित्रीबाई फुले. सगळ्यांना आवडली. फ्लेक्सवर ती मोठ्या अक्षरांत छापली आणि माईकवरून मीच वाचून दाखवली. टाळ्याही झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर गटातल्या एका ताईंची अकरावीतली मुलगी जवळ आली. तिला कॉलेजच्या स्पर्धेत तीच कविता म्हणायची होती. म्हणाली, "मावशी, ही कोणत्या पुस्तकातली आहे? आमच्या बाई पुस्तकाचं नाव लिहायला सांगतात."

मी गप्प. मग म्हटलं, "उद्या सांगते." त्या उद्याला तीन आठवडे लागले.

आपल्या गटात पावतीशिवाय एक रुपयाची नोंद होत नाही. कुणी म्हटलं, "मी भरलेत गं पैसे," तरी आपण पासबुक बघतोच. त्यात अविश्वास नसतो, शिस्त असते. मग मोठ्या बाईचं नाव लावलेली कविता मी कुठलीही पावती न बघता कशी वाचली? हे माझ्या मनाला लागलं.

शोधाला बसल्यावर पहिलं काम केलं ते कवयित्रीच्या पुस्तकांची यादी बघण्याचं. मराठी विश्वकोश आता फोनवर वाचता येतो. एखाद्या कवीची नोंद उघडली, की जन्म, मृत्यू आणि पुस्तकांची नावं सालासकट मिळतात. सावित्रीबाईंचे कवितांचे दोनच संग्रह आहेत. 'काव्यफुले' १८५४ साली आला. दुसरा 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर', तो पुष्कळ नंतरचा. म्हणजे पुस्तकांचं जंगल धुंडाळायचं नव्हतं, दोनच पुस्तकं बघायची होती. तीही एकत्र मिळतात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलं आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर अशी कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आम्ही ते उतरवलं. सेकंड शिफ्टला गेलेल्यांची वाट बघत रात्री जागणाऱ्या आम्ही तिघी जणी बसलो आणि अनुक्रमणिकेपासून एकेक कविता बघत गेलो.

आमच्या फ्लेक्सवरची कविता त्यात कुठेच नव्हती.

खरं तर पुस्तक उघडण्याआधीच शंका यायला हवी होती. सावित्रीबाईंच्या कविता छंदात, वृत्तात बांधलेल्या आहेत. आमची कविता मुक्तछंदात होती, ओळी कुठेही तुटणाऱ्या, यमक नसलेल्या. मराठीत मुक्तछंद रुजला तो विसाव्या शतकात, आणि त्यासाठी कवी अनिलांचं नाव घेतलं जातं. १८५४ सालच्या पुस्तकात तशी कविता कुठून येणार? म्हणून सांगते, कविता हातात आली की आधी कान लावून वाचा. भाषा कुठली आहे, चाल कशी आहे, त्यातल्या वस्तू कुठल्या काळातल्या आहेत, हे बघा.

बोलीवरून तर पुष्कळ कळतं. आमच्या एका गटात जळगावकडच्या ताई आहेत. बहिणाबाईंच्या नावानं एक कविता फिरत होती, ती ऐकून त्या लगेच म्हणाल्या, "ही आमच्याकडची बोलीच नाही." बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गाणी रचत आणि घरातली माणसं ती उतरवून घेत. त्या गेल्यावर त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. ते घरच्या बोलीतलं आहे आणि लहानसं आहे. म्हणजे बहिणाबाईंच्या नावानं काही आलं, तर एका संध्याकाळी पुस्तक चाळून बघता येतं. शुद्ध पुस्तकी मराठीत लिहिलेला सुविचार आणि खाली बहिणाबाईंचं नाव, हे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

इथे अजून एक घोटाळा होतो. बहिणाबाई दोन आहेत. दुसऱ्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. त्यांचे अभंग वेगळे आणि काळ वेगळा. फोनवर नुसतं 'बहिणाबाई कविता' लिहिलं तर दोघींचं एकत्र समोर येतं. म्हणून आडनाव किंवा 'संत' हा शब्द घालून शोधा.

आपल्या भागात अभंगाविषयी तर जपूनच राहावं, कारण देहू आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शेवटी 'तुका म्हणे' आलं म्हणजे अभंग तुकोबांचाच, असं होत नाही. ते दोन शब्द कुणालाही जोडता येतात. शासनानं काढलेल्या तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. एवढे कोण वाचत बसणार? वाचायची गरजच नाही. गाथेला अभंगांच्या पहिल्या शब्दांची सूची असते, अ पासून ज्ञ पर्यंत. तुमच्या अभंगाची पहिली ओळ त्या सूचीत बघायची आणि क्रमांक काढायचा. मात्र वेगवेगळ्या गाथांमध्ये क्रमांक वेगळे असतात. म्हणून क्रमांक लिहिताना कोणती गाथा तेही लिहावं. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचे अभंग हवे असतील तर 'सकलसंतगाथा' मागावी. तिथे ते एकत्र मिळतात.

आता फोनवर शोधायचं कसं, ते सांगते. कवितेचं नाव घालू नका. 'आई', 'माहेर', 'पाऊस' या नावाच्या शेकडो कविता सापडतील. कवितेतली एक ओळ घ्या. पहिलीच घ्या असं नाही, मधली घ्या, जिच्यात एखादा वेगळा शब्द आहे अशी. त्यातले चार-पाच शब्द देवनागरीत लिहा आणि दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्हं द्या. तसं केलं की फोन तेच शब्द त्याच क्रमानं असलेलं पान शोधतो. नाही सापडलं तर अवतरण चिन्हं काढा, एखादा शब्द कमी करा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा.

अजून एक खुबी मला वाचनालयातल्या काकांनी सांगितली. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले. त्याआधी आपण न उच्चारलेले अनुस्वारही लिहीत असू. आज आपण 'घरात' लिहितो, जुन्या पुस्तकात 'घरांत' असतं. आज 'मी नाही' लिहितो, तिथे 'मी नाहीं' असतं. जुनी कविता शोधताना दोन्ही प्रकारे लिहून बघायची. आणि जुन्या पुस्तकांची पानं पुष्कळदा नुसती फोटो म्हणून चढवलेली असतात. त्यातली अक्षरं फोनला वाचता येत नाहीत, म्हणून शोध रिकामा येतो. अशा वेळी पुस्तक उघडून अनुक्रमणिका आपणच बघायला हवी. 'सापडलं नाही' आणि 'नाहीच आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

आणि सापडलं तरी लगेच हुरळून जायचं नाही. आमची फ्लेक्सवरची कविता शोधली तेव्हा ती कितीतरी ठिकाणी दिसली, सगळीकडे खाली सावित्रीबाईंचं नाव. एका मैत्रिणीनं म्हटलं, "बघ, इतके लोक खोटं बोलतील का?" खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याचं उचललं होतं. गावात एकीनं सांगितलेली गोष्ट दहा जणींनी पुढे सांगितली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच, आणि तीही कुणाकडून ऐकलेली. फोनमधल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या त्या नव्या यंत्रालाही आम्ही विचारलं. त्यानं ठासून सांगितलं, 'काव्यफुले'तली आहे. पुस्तक आमच्या समोरच उघडं होतं, त्यात ती नव्हती. यंत्राला जरूर विचारा, पण ते जे पुस्तक सांगेल ते उघडून बघेपर्यंत उत्तर कच्चं समजा.

मग भरवसा कुणावर ठेवायचा? ज्या ठिकाणी पुस्तकाचं नाव, साल आणि पान दिलेलं असतं त्यावर. मराठी विकिस्रोत पाहा. तिथे स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी मूळ छापील पानाचा फोटो नि टाइप केलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतो. शंका आली तर आपल्या डोळ्यांनी ताडून बघता येतं. इंटरनेट अर्काइव्हवरही जुनी मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत.

शाळेतल्या कवितेची गोष्ट जरा वेगळी. आपल्या सासूबाईंना, आईला दोन ओळी आठवतात आणि कवी आठवत नाही. तेव्हा त्यांना विचारा, कितवीत होती? साल कुठलं? १९६७ साली बालभारती स्थापन झाली. त्यानंतर शाळेत गेलेल्यांची कविता बालभारतीच्या जुन्या पुस्तकात असण्याचा संभव मोठा, आणि ती जुनी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. त्याआधीचं शिक्षण असेल तर अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'सारखी क्रमिक पुस्तकं होती. 'आठवणीतल्या कविता' नावाचे चार भाग आहेत, ते वाचनालयात मागा. जुन्या पिढीच्या शाळेतल्या कविता त्यात गोळा केल्या आहेत. आमच्या एका मावशींना त्यातला एक भाग हातात दिला, तर त्यांनी दोन तास तो खालीच ठेवला नाही. फक्त एक ध्यानात असू द्या. पाठ्यपुस्तकात कविता कधी कधी थोडी कापलेली असते. तिथल्या कवीच्या परिचयात मूळ संग्रहाचं नाव दिलेलं असतं. ते लिहून घ्या आणि मूळ संग्रह शोधा.

त्यासाठी वाचनालयाची पायरी चढावीच लागते. आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं, तिथे आपलं काय काम. मलाही वाटायचं. बी.ए. झाल्यावर मी कधी गेलेच नव्हते. आधी जवळचं सार्वजनिक वाचनालय बघा. तिथे नसेल तर पुणं काय लांब आहे? कासारवाडीहून मेट्रोत बसलं की मंडईला उतरता येतं. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली सुरू झालेलं. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ मध्ये स्थापन झालेली. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, आणि सभासद नसताना तिथेच बसून पुस्तक बघता येईल का, तेही विचारा.

तिथे गेल्यावर "एक कविता हवी आहे" एवढंच म्हणू नका. कापडाच्या दुकानात आपण "कापड द्या" असं म्हणतो का? पोत, रंग, पन्हा सगळं सांगतो. तसंच इथे. कागदावर चार गोष्टी लिहून न्या. आठवतात त्या ओळी, कवीचं नाव ऐकलं असेल तर ते, साधारण काळ, आणि कविता कुठे ऐकली ते. कवी ठाऊक असेल तर त्यांचं 'समग्र' किंवा 'समग्र कविता' आहे का, विचारा. जुन्या पुस्तकाचं नुसतं नाव कळलं असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. १८०० पासून १९५० पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची नोंद या एका माणसानं दोन खंडांत केली आहे. संगणक नसलेल्या काळातलं हे काम आहे. आपल्या वह्या लिहिताना कंटाळा आला की मी आता दात्यांची आठवण काढते.

कविता सापडली की दोन फोटो काढा, अर्थात विचारून. एक कवितेच्या पानाचा, दुसरा पुस्तकाच्या आतल्या पहिल्या पानांचा, जिथे कवी, प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेलं असतं. पहिला फोटो म्हणजे माल आणि दुसरा म्हणजे पावती. दुसरा नसेल तर महिन्याभरानं आपल्यालाच आठवत नाही, हे पान कुठलं.

कविता स्मरणिकेत किंवा फ्लेक्सवर छापायची असेल तर हक्काचाही विचार करावा लागतो. आपल्या कायद्यात कवी गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कविता आता सगळ्यांच्या. पण २७ फेब्रुवारीला ज्यांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन करतो, ते कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. अशी कविता छापायची तर प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागावी. आणि हक्क संपला म्हणून नाव संपत नाही. कवीचं नाव कायम लिहायचं.

हे सगळं झालं छापलेल्या कवितेचं. पण बायकांची सगळ्यात जास्त कविता छापलेलीच नाही, ती जात्यावरच राहिली. हे मला पुढच्या मिटिंगमध्ये कळलं. मी सावित्रीबाईंच्या पुस्तकाविषयी सांगत होते. मुळशीकडच्या एक काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या आईच्या ओव्या पण असतील का गं कुठं?"

ओव्या गोळा करणारी माणसं होऊन गेली आहेत. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' ओव्यांचंच आहे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याची किती तरी पुस्तकं काढली. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून, बायकांबरोबर बसून ओव्या लिहून घेतल्या. त्यांच्या गटानं एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यातल्या पुष्कळ 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. नुसतं 'लोकगीत' म्हणून सोडून दिलेलं नाही.

काकूंना फोनवर एक ओवी लावून दिली. डोंगरापलीकडच्या गावातल्या बाईंची होती. काकू आपसूक बरोबर म्हणायला लागल्या, पण दुसऱ्या ओळीला त्यांचे शब्द वेगळे झाले. "आमच्यात असं म्हणत्यात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आईच्या ओव्या तिथे नव्हत्या. असणार कशा? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या ओव्यांचा पुरावा एकच शिल्लक होता, समोर बसलेल्या काकू.

त्या दिवशी आम्ही एक नवी वही घातली. हिशेबाच्या वहीसारखीच रेघा मारून. पहिल्या रकान्यात ओवी, म्हणणारीच्या तोंडून आली तशीच, 'शुद्ध' न करता. दुसऱ्यात म्हणणारीचं नाव. तिसऱ्यात तिनं कुणाकडून ऐकली आणि गाव. चौथ्यात लिहून घेतल्याची तारीख आणि लिहिणारीचं नाव. फोनवर आवाजही घेतो, त्यांना विचारून. काकूंनी पहिली ओवी सांगितली. तिसऱ्या रकान्यासाठी मी विचारलं, "आईचं नाव काय, काकू?" त्या थांबल्या. मग नाव सांगितलं. आठ वर्षं आम्ही एका गटात आहोत, ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि हो, फ्लेक्सवरच्या कवितेचा खरा कवी आम्हाला अजून सापडलेला नाही. सावित्रीबाईंच्या नावावर आम्ही पांढरी पट्टी चिकटवली आणि मिटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. त्या मुलीनं स्पर्धेत 'काव्यफुले'मधली एक कविता म्हटली, आणि म्हणायच्या आधी पुस्तकाचं नाव नि साल सांगितलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी फोनवर कविता आली की पुढे पाठवण्याआधी खालचं नाव बघा आणि विचारा, पावती कुठे आहे? आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसा. तिला म्हणावं, एक ओवी सांगा. वही-पेन जवळ असू द्या, आणि ओवीखाली तिचं नाव लिहायला विसरू नका.